वर्गातला वेळ राखा: विदर्भातल्या खेड्यांतल्या मुख्याध्यापकांसाठी वर्षभराचं मार्गदर्शन

खेड्यातल्या लहान शाळेत मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद बहुधा मंजूरच नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला वेगळा मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर असेल तरच. त्यामुळे मेळघाटातल्या ढाण्यात, वाशीम-यवतमाळकडच्या तांड्यावर, गोंदिया-गडचिरोलीतल्या टोल्यावर सेवाज्येष्ठ शिक्षकाकडेच प्रभार येतो. पहिली-दुसरी त्यांनीच शिकवायची, पोषण आहाराचा तांदूळ त्यांनीच मोजून द्यायचा आणि ग्रुपवर आलेली 'तात्काळ' माहितीही त्यांनीच दुपारच्या आत भरायची. हा लेख अशा प्रभारींसाठी आहे आणि मोठ्या शाळेच्या पूर्णवेळ मुख्याध्यापकांसाठीही.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुमच्या हाती पैसा थोडा असतो, शिक्षक निवडता येत नाहीत, बदल्या वरून होतात. खऱ्या अर्थाने तुमच्या ताब्यात असतो तो शिक्षक आणि मूल समोरासमोर बसून काम करतात तेवढा वेळ. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास सांगितले आहेत. कागदावर हे तास भरतात. प्रत्यक्ष शिकवणं किती झालं, ते रोज शाळेत असणाऱ्या मुख्याध्यापकालाच ठाऊक असतं. हा वेळ कुठे गळतो ते शोधणं, गळती थांबवणं आणि वाचलेल्या वेळात शिक्षकाला अधिक चांगलं शिकवायला मदत करणं, हेच तुमचं मुख्य काम. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

शाळा उघडण्याआधीचा आठवडा

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांनंतर, जूनच्या अखेरीला उघडतात. तोवर गावात पेरणीची धांदल असते आणि शाळेच्या आवारात गवत माजायला लागलेलं असतं. एक दिवस इमारतीला द्या. गळकं छप्पर, उघड्या वायरी, पाण्याची टाकी आणि पोषण आहाराची कोठी तपासा. भिंतीलगतचं गवत काढून घ्या आणि विटांचे-लाकडांचे ढीग हलवा, कारण पावसाळ्यात साप तिथेच निघतात. मग मुलींचं स्वच्छतागृह बघा. आतून कडी लागते का, पाणी आत आहे की शंभर पावलांवरून आणावं लागतं, किल्ली कोणाकडे असते? पाळीच्या दिवसांत सहावी-सातवीच्या मुली घरी बसतात, त्याचं कारण पुष्कळदा त्या तुटलेल्या कडीत सापडतं.

अंगणवाडी सेविका ताईंकडून पहिलीत येणाऱ्या मुलांची यादी घ्या आणि शाळापूर्व तयारीचा मेळावा त्यांच्या मदतीने करा. यादीतल्या प्रत्येक घरी कोणीतरी एकदा जाऊन आलं पाहिजे.

त्यानंतर वर्गवाटप. इथे मी आग्रहाने सांगतो: शाळेतला सर्वांत कसलेला शिक्षक पहिलीला द्या. अनेक शाळांत उलट चालतं. अनुभवी शिक्षक वरच्या वर्गाला, कारण तिथे शिष्यवृत्ती आणि नवोदयचा निकाल दिसतो, आणि नवे सर पहिलीला. पण पहिली-दुसरीत वाचन कच्चं राहिलं की पुढचे सगळे शिक्षक तीच उणीव भरत बसतात. पाचवीचा निकाल पहिलीतच घडत असतो, हे गुरुजनांना पटवून द्या. त्याआधी एक वर्ष पहिलीचा वर्ग स्वतः घेऊन दाखवलात, तर पटवायला फार बोलावं लागणार नाही.

दुशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी ते पाचवी दुसऱ्याकडे, ही वाटणी बहुतेक ठिकाणी जमते. वेळापत्रक मात्र असं लिहा की एका गटाला शिक्षक शिकवत असताना दुसऱ्या गटाचं काम नेमकं काय, तेही त्याच चौकटीत दिसेल. 'स्वाध्याय' एवढंच लिहिलं की तो गट रिकामा बसतो. 'पाठ तिसरा वाचून जोडीदाराला पाच प्रश्न विचारणे' असं लिहिलं की मुलं कामाला लागतात.

पहिले पंधरा दिवस: कोण किती वाचतं

पुस्तक लगेच सुरू करू नका. आधी प्रत्येक मुलाला एकेकटं वाचायला बसवा. चार पातळ्या पुरतात: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट. गणितात संख्या ओळखणं, बेरीज, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला पाच मिनिटं धरली तरी पन्नास पटाची शाळा आठवड्यात आटोपते.

ही चाचणी व्हरांड्यात, इतर मुलांच्या कानाआड घ्या. मूल समोर बसलं की आधी त्याच्या बैलाबद्दल, बकरीबद्दल दोन वाक्यं बोलू द्या, मग कागद पुढे करा. चौथीतला एखादा मुलगा पहिली ओळ घडाघडा म्हणतो आणि तुम्हाला बरं वाटतं. पण तीच ओळ उलटीकडून, शेवटच्या शब्दापासून वाचायला सांगा. तो अडतो, बोट कागदावर फिरतं आणि नजर तुमच्या तोंडाकडे जाते. म्हणजे त्याला धडा पाठ आहे, वाचता येत नाही. वर्षभर हजेरी लावूनही हे कोणाच्या लक्षात आलेलं नसतं, कारण वर्गात तो सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळत असतो.

निकालाचा तक्ता एकाच पानाचा करा. डावीकडे नावं, वर पातळ्या, चौकटीत तारीख. मग रोज एक तास सगळ्या शाळेची मुलं इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे बसवा. अक्षराचा गट एका खोलीत, शब्द-परिच्छेदाचा दुसऱ्या, आणि गोष्ट वाचणारे व्हरांड्यात पुस्तकपेटी घेऊन. दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. पायाभूत वाचन-गणितासाठी ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यांत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं म्हटलं आहे. तिथवर पोचायची वाट या तासातूनच जाते. शिक्षकांना हा तक्ता दाखवताना तो कोणाच्या चुकांची यादी वाटू देऊ नका. 'आपली ही अकरा मुलं अक्षरावर आहेत, दिवाळीपर्यंत यातली किती शब्दांवर आणता येतील?' असं विचारलं की सगळे मिळून विचार करतात.

वर्गात जाऊन बसा

शिक्षकांना मदत करायची तर त्यांचं शिकवणं बघावं लागतं. आपल्याकडे वर्गात येणारा माणूस म्हणजे तपासणीला आलेला माणूस, हे इतकं मुरलंय की मुख्याध्यापक दारात दिसले तरी शिक्षकाचा आवाज चढतो. ती भीती जायला वेळ लागतो. म्हणून सुरुवात उलटी करा. आधी शिक्षकांनाच तुमच्या वर्गात बोलवा, तुमचा तास बघायला लावा आणि काय बरं करता आलं असतं ते त्यांना विचारा.

मग आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या वर्गात वीस मिनिटं. खुर्ची घेऊ नका, मागे तरटपट्टीवर मुलांसोबत बसा. वहीत तीनच गोष्टी टिपा: किती वेगवेगळी मुलं बोलली, शेवटच्या रांगेतल्या मुलांनी वहीत काय लिहिलं, आणि शिक्षक बोलत नव्हते तेव्हा मुलं काय करत होती. फळ्यावरचं अक्षर, टाचणवही, भिंतीवरचे तक्ते यांत गुंतू नका. ते बघायला वर्ष पडलं आहे.

बोलणं त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, दोघांतच व्हावं. साधारण असं:

"मॅडम, गोष्ट सांगता तेव्हा पोरं हलत नाहीत. खिडकीजवळची ती पोरगी, जी कधी मान वर करत नाही, तीसुद्धा ऐकत होती. एक विचारू का? प्रश्नांची उत्तरं कोणी कोणी दिली, आठवतं?"

"तेच तिघं-चौघं, सर. बाकीचे बोलतच नाहीत."

"उद्या हात वर करायला सांगूच नका. प्रश्न विचारून अर्धा मिनिट जोडीजोडीने आपसांत बोलू द्या, मग कोणालाही उठवा. मी मागे बसून कोण कोण बोललं ते लिहून ठेवतो. जमलं नाही तर परवा तोच तास मी घेऊन बघतो."

यात एक नेमकं कौतुक आहे, एक प्रश्न आहे, एकच बदल आहे आणि सोबत मदत आहे. एका वेळी पाच सूचना दिल्या तर एकही टिकत नाही. पुढच्या आठवड्यात बसाल तेव्हा त्याच बदलाचं काय झालं ते बघा, नवीन काढू नका.

दुशिक्षकी शाळेत तुम्ही दुसऱ्या वर्गात गेलात तर तुमचा वर्ग उघडा पडतो. तिथे पातळीगटाच्या तासाचा उपयोग होतो. त्या तासाला आठवड्यातून एकदा दोघांनी एकाच खोलीत बसावं, एकाने शिकवावं आणि दुसऱ्याने बघावं, मुलं भिंतीलगत वाचत बसतील. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, शेजारच्या शाळेशी बोलून महिन्यातून एक शनिवार एकमेकांचे वर्ग बघणंही जमतं. महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडे असा तास ठेवण्याची मागणी करा. परिपत्रकं वाचून दाखवण्यापेक्षा एका शिक्षकाने आपला चांगला जमलेला तास इतरांना करून दाखवला तर परिषदेला गेलेला वेळ कारणी लागतो.

कागदाला ठरलेली वेळ द्या

वर्गातला वेळ सर्वांत जास्त खातं ते फोनवर येणारं माहितीचं काम. यू-डायस प्लस, सरल, शालार्थ ही शाळा, विद्यार्थी आणि पगाराच्या माहितीची पोर्टलं, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार, शिष्यवृत्तीचे अर्ज, शिवाय बीएलओची, म्हणजे मतदारयादीची कामं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येत नाही. हे कलम माहीत असू द्या आणि गरज पडली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांशी नम्रपणे, लेखी बोला. पण रोजची सुटका शाळेतल्या शिस्तीनेच होते.

पहिलं, माहितीचा एक कायमचा तक्ता बनवा: जातनिहाय, इयत्तानिहाय, मुलगे-मुली पट, दिव्यांग मुलं, खोल्या, स्वच्छतागृहं, बँक खातं, यू-डायस क्रमांक, शिक्षकांच्या रुजू तारखा. वरून मागवली जाणारी बरीचशी माहिती याच्यातूनच निघते. महिन्याच्या एक तारखेला तो ताजा करा. दुसरं, शाळेच्या वेळेत फोन एकाकडेच, बाकीच्यांचे कपाटात. जेवणाच्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं आणि शाळा सुटल्यावरचा अर्धा तास, माहिती तेव्हाच भरायची. खरंच निकडीचं असेल तर केंद्रप्रमुख फोन करतीलच. तिसरं, पंचायत समितीत जायचं काम साठवून महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी, एकाच माणसाने. तालुका चाळीस किलोमीटरवर असेल तर एका सहीसाठी अख्खा वर्ग दिवसभर रिकामा पडतो.

पोषण आहारात मात्र कसूर नको. प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, हे प्रमाण स्वयंपाकी ताईंना मापाने दाखवून ठेवा, आणि मुलांना वाढण्याआधी रोज एका मोठ्या माणसाने चव घ्यावी. परसबाग लावली असेल तर ती शिकण्याची जागाही होऊ शकते. हाताच्या कामातून शिकण्याचा विचार ऑक्टोबर १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला आणि सेवाग्रामात नई तालीम म्हणून रुजला. म्हणजे तो आपल्याच मातीतला आहे. वाफ्याचं क्षेत्रफळ काढणं, पालकाच्या जुड्या मोजून भाव लावणं, पावसाची नोंद ठेवणं, एवढं केलं तरी पाचवीचं बरंच गणित उघड्यावर शिकून होतं.

सोंगणी, वेचणी आणि रोवणीच्या दिवसांत

विदर्भातली गैरहजेरी हंगामाने येते, त्यामुळे ती आधी ओळखता येते. धानाच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टची रोवणी. पश्चिमेकडे ऑक्टोबरच्या आसपास सोयाबीनची सोंगणी आणि मागोमाग जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी. जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. मेळघाटातून आणि इतर भागांतून दिवाळीनंतर काही घरं कामासाठी बाहेरगावी जातात. गावाचं हे कॅलेंडर पालकांकडून काढून घेऊन कार्यालयात लावा आणि चाचण्या, मेळावे, सहली त्याच्या आड येणार नाहीत असं वर्ष आखा.

मूल तीन दिवस आलं नाही की चौथ्या दिवशी घरी जायचंच. रागावून नाही. वेचणीच्या दिवसांत गेलात तर माय वावरात भेटेल, ओटीत कापूस, बाजूला पाचवीतली पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी.

"काय करू सर, लहान्याले कोनापाशी ठेवू? मोठी घरी रायली त मी वावरात जातो."

या बाईंना शिक्षणाचं महत्त्व ठाऊक आहे. त्यांना मूल सांभाळायला कोणी हवं आहे. अंगणवाडी ताईंशी बोलून लहान्याला तिथे बसवता येईल का बघा. तो फारच लहान नसेल तर मोठ्या बहिणीसोबत वर्गात कोपऱ्यात बसू द्या. वर्गाची घडी थोडी विस्कटेल, पण मुलगी शाळेत राहील. शेजारच्या आजीला विचारा, सरपंचांना मध्ये घ्या. दोन-चार तासांचीच पंचाईत असेल तर त्या मुलीसाठी संध्याकाळचा अभ्यासगट वस्तीतच बसवा, मोठ्या वर्गातल्या मुलांच्या मदतीने.

कुटुंब स्थलांतर करणारच असेल तर जाण्याआधी तीन कामं करा. मूल जाईल तिथल्या शाळेत बसावं म्हणून त्याच्याकडे शिक्षण हमी पत्रक द्या, वाचनाच्या तक्त्यावरची त्याची पातळी त्यावर लिहा आणि वडिलांचा चालू नंबर घ्या. आजी-आजोबा गावातच राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत, म्हणजे दिवाळीच्या बराच आधी पाठवा. नाव पटावरून कमी करण्याची घाई करू नका. परतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर 'इतके दिवस कुठे होतास' असं विचारलं की ते पुन्हा गळतं. त्याला सरळ पातळीच्या गटात बसवा.

घरची बोली शाळेत येऊ द्या

कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी या मराठीहून अगदी वेगळ्या घराण्यांतल्या भाषा बोलणारी मुलं पहिलीत येतात तेव्हा शिक्षकाचं निम्मं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जातं. ती गप्प बसतात आणि आपण त्यांना मंद समजतो. तांड्यावरच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलणाऱ्या मुलांचंही थोडंफार तसंच. गावातल्या जाणत्यांना आणि मोठ्या मुलांना घेऊन शंभर रोजच्या शब्दांचा तक्ता करा: पाणी, भूक, ये, बस, दुखतं, शौचाला जायचं. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या नव्या शिक्षकांना पहिल्या महिन्यात तेवढे शब्द शिकायला लावा. पहिलीच्या वर्गात अंगणवाडी ताई किंवा गावातली एखादी शिकलेली मुलगी रोज तासभर बसली तर फार फरक पडतो.

वऱ्हाडी आणि झाडीबोली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपण जास्त कठोर होतो, कारण ती मराठीच वाटते. 'मले नाई समजलं' म्हणणाऱ्या मुलाला आधी उत्तर द्या. 'मला म्हण' हे त्या क्षणी नको. पुस्तकी मराठी वाचनातून आणि लेखनातून हळूहळू येते. बोलताना टोकलं की मूल प्रश्न विचारणंच सोडून देतं.

गाव, समिती आणि पैसा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा सांगतो. बैठक सकाळी अकराला ठेवली तर मजुरी बुडवून कोणी येत नाही, रजिस्टर मग घरोघर सह्यांना फिरतं. संध्याकाळी सात वाजता, समाजमंदिरात किंवा वस्तीच्या चौकात ठेवा. विषय दोनच: वाचनाचा तक्ता आणि एक अडचण. तक्ता वाचून दाखवताना मुलांची नावं घेऊ नका, संख्या सांगा.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांत वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,००० असं ठरलेलं आहे. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर जायला हवा. एवढ्यात खडू, वीजबिल आणि डागडुजीच होते. मोठ्या कामांसाठी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळा यायला हवी. ग्रामसभेला स्वतः जा, कंपाउंड किंवा पाण्याच्या टाकीची मागणी लेखी द्या आणि ती ठरावात आली का ते सभेतच बघा. मागणी तुम्ही करण्यापेक्षा समितीतल्या एखाद्या आईने उभं राहून केली तर सभा जास्त ऐकते.

सातवीनंतरचा टप्पाही तुमचाच समजा. पुढची शाळा दुसऱ्या गावी असली की आधी मुलींचं शिक्षण थांबतं. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस, एसटीचा मुलींसाठीचा मोफत पास, आठवी ते बारावीच्या मुलींच्या सायकली यांपैकी तुमच्या गावाला काय लागू आहे ते एप्रिलमध्येच विचारून ठेवा आणि दाखले देतानाच पुढच्या शाळेचे अर्ज भरून घ्या. जुलैत एकदा फोन करून प्रत्येक मुलगी जाते का ते तपासा. आठवीच्या हुशार आणि गरीब मुलांसाठी एनएमएमएस परीक्षेची शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपये आहे. नववीपासून बारावीपर्यंत मिळणारा हा पैसा कित्येक घरांत शाळा सुटण्यापासून वाचवतो.

मूल संकटात असेल तेव्हा

आपल्या भागात बाप गमावलेली मुलं शाळेत बसतात. कर्ज, नापिकी आणि त्यामागचं दुःख त्यांच्या घरात आहे. असं मूल परत शाळेत येण्याआधी वर्गाशी बोला: त्याला काही विचारायचं नाही, खेळायला बोलवायचं. शिक्षकांपैकी एकाने त्याच्याशी रोज दोन शब्द बोलायचे. सत्कार-मदतीच्या कार्यक्रमात त्याला मंचावर उभं करू नका. आईला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची माहिती द्या. महिन्याला २,२५० रुपयांची ही मदत महिला व बालविकास विभागाकडून मिळते. अर्जाचे कागद जमवायला शाळेने हात दिला तर पुष्कळ सोपं होतं.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात बराच आढळतो. १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि तपासण्या होतात. कोणत्या मुलाला आजार आहे ते शिक्षकांना माहीत असावं, वर्गाला नव्हे. त्या मुलाला पाणी प्यायला आणि लघवीला हवं तेव्हा जाऊ द्या, उन्हात उभं करू नका, दमेपर्यंत पळवू नका, थंडीत भिजू देऊ नका. ताप आला, छातीत दुखलं किंवा हाडांत ठणका सुरू झाला तर घरी पाठवून वाट बघत बसू नका, दवाखान्यात न्या. वारंवार गैरहजर म्हणून अशा मुलाला बोलणी बसतात, तेवढी तरी थांबवा. साप चावला तर हातपाय न हलवता, काहीही न कापता, न बांधता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ कलम १७ ने बंद आहे. छडी कपाटात ठेवली आहे असं म्हणून चालत नाही, ती शाळेतच नसावी. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावात बैठक बसवून मिटवायचा दबाव येतो, आणि आरोपी आपलाच कर्मचारी असेल तर जास्तच येतो. कळवलं नाही तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा मोठं कारण समोरचं मूल आहे. त्याचं म्हणणं एकदाच, शांतपणे ऐकून घ्या. उलटतपासणी करू नका. नाव कुणाला सांगू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलांना दिसेल अशा उंचीवर रंगवा. बालविवाहाची कुणकुण लागली तरी हाच क्रमांक, आणि ग्रामसेवकांना लगेच कळवा.

शिक्षकालाही कोणीतरी हवं असतं

कोल्हापूरहून किंवा बीडहून शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलने धारणी-भामरागडकडे नेमणूक झालेला पंचविशीतला शिक्षक पहिल्या पावसाळ्यात खचतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, फोन लागत नाही, खोलीवर एकट्याने रात्र काढायची. त्याच्या रुजू होण्याआधी खोली बघून ठेवा, गॅसची सोय लावा आणि पहिल्या रविवारी जेवायला घरी बोलवा. वर्गाबद्दल पहिले पंधरा दिवस काहीच विचारू नका.

जुन्या शिक्षकांची गरज वेगळी. त्यांना वर्षानुवर्षं कोणी 'तुमचं काम चांगलं झालं' असं म्हटलेलं नसतं. वाचनाच्या तक्त्यावर त्यांच्या गटातली पाच मुलं पुढे गेली की समितीच्या बैठकीत त्यांच्या नावासह सांगा. चूक झाली तर एकट्यात बोला. गावकरी शिक्षकावर चढून आले तर आधी तुम्ही पुढे व्हा, त्यांचं ऐकून घ्या, शिक्षकाला पालकांसमोर कधी झापू नका. लग्न, आजारपण, मुलाची परीक्षा यांसाठीच्या रजा अडवू नका, उलट कोण कधी रजेवर जाणार याचा महिन्याचा तक्ता आधीच करा, म्हणजे वर्ग उघडा पडत नाही. कोणी फारच गप्प झालं, पिणं वाढलं, सतत उशिरा येऊ लागलं, तर नोटीस लिहिण्याआधी चहाला बसवून विचारा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी असलेला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक शिक्षकांसाठीही आहे.

उन्हाळा आणि निरोप

मार्चपासून शाळा सकाळची होते. दहानंतर पत्र्याखाली मुलं तगत नाहीत, म्हणून वाचन-गणित पहिल्या दोन तासांत उरका आणि खेळ, चित्र, गाणी नंतर सावलीत घ्या. वाचनाची शेवटची फेरी एप्रिलच्या सुरुवातीलाच करा, कारण नंतर लग्नसराई आणि मोहफुलं यांत मुलं पांगतात. ज्यांचं वाचन अजून शब्दांवरच आहे, त्यांच्या घरी सुट्टीसाठी दोन-दोन गोष्टींची पुस्तकं द्या. हरवली तरी चालतील.

बदलीचा आदेश आला तर नोंदवह्यांच्या ताब्यासोबत एक साधी वही तयार करा: प्रत्येक मुलाची पातळी, दिवाळीनंतर जाणाऱ्या घरांची यादी, सिकलसेलची मुलं, कोणत्या आईशी कोणत्या वेळी बोलता येतं, ग्रामपंचायतीतला कोणता ठराव अडला आहे, हातपंपाचा मिस्त्री कोण. पुढचे मुख्याध्यापक रुजू झाले की एक संध्याकाळ काढा. जी मुलं परततील की नाही अशी शंका असते त्यांच्या घरी त्यांना स्वतः घेऊन जा, आई-वडिलांशी ओळख करून द्या, आणि मगच शाळेच्या किल्ल्या त्यांच्या हवाली करा.